विभूतीखालचा नंबर

बीडात सत्कार कुणाचाही असो, शाल मन्मथप्पांच्या दुकानातून जाते. बस स्टँडच्या मागल्या गल्लीत त्यांचं दुकान. वर शाली, मध्ये फेटे आणि ट्रॉफ्या, खाली पोत्यात नारळ. निवडून आलेला माणूस इथूनच शाल नेतो आणि पडलेलाही इथूनच नेतो, कारण पडलेल्याचा सत्कार करणारे चार जण बीडात निघतातच. चाळीस वर्षांत अप्पांनी निम्म्या जिल्ह्याला शाल पांघरवली. त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर मात्र कुणी साधा टॉवेल टाकला नव्हता.

"आपल्याला कावून कुणी टाकील?" अप्पा म्हणायचे. बोलायच्या आधी घसा, मग चष्मा, मग शब्द, हा त्यांचा क्रम ठरलेला. "आपण केलं काय? निवडणुकीत पडलोबी न्हाई. पडायला आधी उभं ऱ्हावं लागतं."

असं म्हणायचे आणि गिऱ्हाईकाला दाखवायला काढलेली शाल घडी करताना जरा जास्तच वेळ हातात ठेवायचे.

डिसेंबरात व्यापारी संघाचे अध्यक्ष राधाकिशनशेठ दुकानात आले. जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होता आणि संघाला एका शिस्तप्रिय दुचाकीस्वार व्यापाऱ्याचा सत्कार करायचा होता. गाडीला नवी सरकारी नंबर प्लेट पाहिजे आणि नावावर एकही चलन नको, बस.

"आख्ख्या मार्केटात बिनचलनाचे दोघंच सापडले," शेठ म्हणाले. "एक तुमी. दुसरे तुमचे मेहुणे."

मेहुणे म्हणजे भांडीवाले अमरनाथ. त्यांची स्कूटर तीन वर्षांपासून कडुनिंबाखाली उभी आहे आणि तिच्या डिकीत मांजर दोनदा व्यायली आहे.

"अन् ते चालवतात कधी?" अप्पा उखडले.

"म्हणून तर तुमचं नाव वर हाय. तेवढी प्लेट बदला म्हंजे झालं."

अप्पांच्या चौदा वर्षांच्या निष्कलंक कारकिर्दीचं रहस्य त्या जुन्या प्लेटमध्येच होतं. गाडी घेतली तेव्हा सिदू पेंटरने तिच्यावर लाल रेडियममध्ये 'मन्मथकृपा' असं लिहिलं, मागे किरण काढले, दोन बाजूंना दोन त्रिशूळ दिले. मग त्याच्या लक्षात आलं की नंबर राहिला. तो त्याने खाली कोपऱ्यात घातला, साखरेला मुंग्या लागाव्यात तसा. चौदा वर्षं चौकाचौकात पोलिसांनी अप्पांचे फोटो काढले. वाचता एकाही फोटोत आलं नाही. शिस्त म्हणतात ती हीच.

नवी प्लेट बसली. पांढरीशुभ्र, काळे ठसठशीत आकडे, लांबून सुद्धा दिसणारे. अप्पांनी लगोलग दुकानातली सगळ्यात भारी शाल, मोरपंखी काठाची, डब्यात घालून वर ठेवली. "ही इकायची न्हाई," नोकराला दम दिला. आपल्याच सत्काराची शाल आपणच निवडणारा माणूस बीडात नवा नाही, पण अप्पांनी ती गुपचूप निवडली, एवढा फरक.

पण अप्पांच्या घरात पूजेशिवाय काही वापरायला काढत नाहीत. नव्या मिक्सरलाही आधी विभूती, मग चटणी. तेव्हा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अप्पा आणि महादेवीकाकू कपिलधारला गेले. महाराजांच्या समाधीचं दर्शन झालं, गाडीपुढं नारळ फुटला. अप्पांनी भस्म कालवलं, तीन बोटं बुडवली आणि कपाळावर ओढतात तसे तीन आडवे पट्टे ओढले. पुढच्या प्लेटवर तीन, मागच्या प्लेटवर तीन. एकही आकडा उपाशी राहिला नाही.

मांजरसुंब्याच्या चौकात शिट्टी वाजली. वाहतूक पोलीस सत्यशीला मॅडम.

"काका, नंबर कुठंय?"

"हाय की."

"दिसंना."

"खाली हाय."

"कशाच्या खाली?"

अप्पांनी घसा साफ केला. "म्हाराजांच्या."

मॅडम वाकून बघत होत्या. पांढऱ्यावर पांढरं. "काका, नवी प्लेट दिसती तुमची. चांगलं केलंत. हे पुसा, अन् जावा. मी काय लिहीत न्हाई."

एवढंच. रुमाल काकूंच्या हातात होता, बाटलीत पाणी होतं. उद्या दहा वाजता सत्कार होता.

"अहो, पुसा की," काकू हळूच म्हणाल्या. "मी पुसू का?"

"हात लावू नको." अप्पांचा आवाज फाटला. "समाधीवरून आणल्याली विभूती हाय. आपण होऊन पुसायची? आमच्या घरात कुणी पुसली न्हाई, मॅडम. आपल्या आपण जाती ती."

"मग मला फोटो काढावा लागंल."

"काढा."

मॅडमनी आधी इंजिनावरच्या नंबरावरून मशीनवर गाडी शोधली, मग फोटो काढला. फोटोसाठी अप्पा ताठ उभे राहिले होते. सत्काराच्या सवयीने नाही. सवय कुठली.

गंमत पुढेच आहे. भस्म वाळलं आणि हायवेचा वारा लागला. पाली येईस्तोवर पहिला पट्टा उडाला, बीडच्या वेशीत तिसरा. घरापुढे गाडी लागली तेव्हा प्लेट धुतल्यासारखी लख्ख होती आणि खिशात चलनाचा मेसेज वाजला. अप्पांनी दंड तिथंच भरला. पण राधाकिशनशेठने दुसऱ्या दिवशी सकाळीच यादी पुन्हा तपासली.

"अप्पा, लई वाईट वाटतं," शेठ फोनवर म्हणाले. "आता अमरनाथलाच द्यावं लागंल. शाल मात्र तुमच्याकडूनच. जरा चांगली द्या."

"चांगलीच देतो," अप्पा म्हणाले.

दहा वाजता मंचावर अमरनाथ उभे. 'चौदा वर्षांत एकही नियम न मोडणारे' असं निवेदकाने अप्पांसाठी लिहिलेल्या कागदावरूनच वाचलं, टाळ्या पडल्या, खांद्यावर निळी शाल पडली. जानेवारी असला तरी मंडपात ऊन होतं आणि अमरनाथना घाम लवकर येतो. ते दुपारी थेट दुकानात आले. मान, कॉलर, अर्धा कान, सगळं निळं.

"दाजी, ह्या शालीचा रंग जातोय!"

अप्पांनी घसा साफ केला, चष्मा वर केला. "जातो की. विभूती जाती, तर रंग न्हाई जाणार?"

मागे एका गिऱ्हाईकाची नजर वरच्या डब्यावर गेली. "अप्पा, ती मोरपंखी दाखवा ना."

"ती न्हाई," अप्पा म्हणाले. "तिची बुकिंग हाय. पुढल्या जानेवारीची."

हल्ली ते पूजेचे पट्टे हेल्मेटवर ओढतात.