गल्ल्यावरचा माणूस

"ए, इथं फडकं मार."

सरांनी माझ्या बाबांना सांगितलं. बाबांनी टेबल पुसलं. मी त्याच टेबलाशी बसले होते. मला काहीच वाटलं नाही. वही तेवढी उचलून धरली.

सर माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. विषय, छोटे उद्योजक. आंबेनळी घाट उतरून पोलादपुरात आलो आणि गर्दीचं हॉटेल बघून त्यांनीच गाडी थांबवली. हॉटेल बाबांचं होतं. पण आमच्या जातीच्या मालकाकडे खाणार कोण? म्हणून गल्ल्यावर वरच्या आळीतला दाजी पगारावर बसायचा. लोक त्याला शेठ म्हणायचे. आम्ही सव गावचे, इथं बाबांना कोणी ओळखत नव्हतं. मागे भजी कोण तळतं, हेही कोणी विचारत नव्हतं. शेठ आपला असला की झालं.

सरांनी दाजीची मुलाखत घेतली. दाजीने सगळं सांगितलं. स्टँडवरची हातगाडी. पावसात विझलेली भट्टी. बायकोने मोडलेलं डोरलं. ते डोरलं माझ्या आईचं. मी मान खाली घालून लिहून घेत होते.

सर खूश झाले. मला म्हणाले, "बघ, धंदा रक्तात असावा लागतो. तुमच्या लोकांचं तिथंच अडतं."

बाबा फडकं घेऊन उभे होते. डोळ्यांनीच सांगत होते, गप बस. एवढी वर्षं मी गप्पच होते. पेन खाली ठेवलं.

"सर, मालक हे. माझे वडील."

सरांनी अर्धा चहा बाजूला सारला. मुलाखत वाया गेली म्हणाले. शेजारच्या टेबलावरचे दोघं भजी तशीच टाकून उठले. बाबा मागे जाऊन एवढंच म्हणाले, "काय केलंस गो ह्ये? आता कोन नाय यायचा."

दुसऱ्या दिवशी दाजी आला नाही. बाबा स्वतः गल्ल्यावर बसले. गावातलं गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. ट्रकवाले येत राहिले. बाबा उठले नाहीत.

मी मार्गदर्शक बदलला. नवे सर माणूस म्हणून बरे. प्रबंध वाचून म्हणाले, मुलाखत दिलेल्यांची नावं बदलायची असतात, तशी पद्धत आहे. मी बाबांना विचारलं.

"लिव. माझाच लिव."

बाकी सगळ्यांची नावं मी बदलली आहेत. बाबांचं बदलणार नाही. दुसऱ्याच्या नावावर त्यांनी पुष्कळ वर्षं धंदा केला. आडनावासकट लिहिलंय. पदवी अडली तर अडू दे.