पंडुमाआधीचा आंबा

आमच्या नात्यातली एक मुलगी अमेरिकेत असते. मागे ती तिथल्या अमिश लोकांचं गाव पाहून आली आणि महिनाभर आमच्या मोबाइलवर घोडागाड्या, लांब झगे नि बिनविजेची घरं येत राहिली. मी घुग्घुसच्या घरात खिडकीवरची कोळशाची धूळ पुसता पुसता प्रत्येक फोटोखाली ‘किती छान’ लिहीत होते. शेवटी माझा मुलगा कंटाळून म्हणाला, "आई, आपापल्या रीतीनं जगणारी माणसं भामरागडकडं बी हायेत. एसटीनं जाता येते. जाऊन ये. पोरगी तिथलीच हाये."

मुलानं पोरगी पसंत केल्याचं मला हे असं कळलं.

पोरगी माडिया आदिवासी. गडचिरोलीला नर्स आहे, मुलगा तिथेच प्रयोगशाळेत. तीस वर्षं मी वर्गात ‘जात मानू नका’ सांगून घसा कोरडा केला, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा पहिला प्रश्न तोंडातून निघाला तो, "ते लोक खातात काय?" मुलानं माझ्याकडे असं पाहिलं की मी शरमेनं उगाच भाजी ढवळायला लागले. मग ठरवलं, आपण स्वतः जायचं, घरदार पाहायचं आणि मगच होकार द्यायचा. होकार देणारी मीच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

मच्छरदाणी, पाण्याच्या चार बाटल्या, बिस्किटं आणि माझ्या पर्समध्ये कायम असणारी मीठ-तिखटाची पुडी, एवढा जामानिमा घेऊन निघाले. एसटीत पोरगी माझ्या शेजारी होती. आलापल्ली गेल्यावर जंगल दाट झालं तशी ती म्हणाली, "काकू, एकच गोष्ट ध्यानात ठेवा. नवा आंबा खाऊ नका. आमचा पंडुम व्हायचा हाये. साऱ्या गावानं मिळून पूजा केल्याबिगर नवा आंबा कोणी तोंडात घालत नाई."

"मी काय लहान पोट्टी हाव का?" मी म्हणाले.

गावात पोचले तर माझी पंचाईतच झाली. घर पाहायला आलेल्या माणसाला काहीतरी खोट सापडावी लागते, आणि इथं अंगण असं झाडलेलं की चप्पल ठेवायला लाज वाटावी. बांबूचं कुंपण सरळ, मोहफुलं वाळत घातलेली तीही जागच्या जागी. पोरीची आई आणि बाप, दोघंही बोलायला अगदी मोजकी. शांतता मला सोसत नाही. मी एकटीच बोलत सुटले, पेन्शनबद्दल, घुग्घुसच्या ट्रकांबद्दल, माझ्या गुडघ्यांबद्दल. बाप बांबूच्या कामट्या सोलत ऐकत असे. दोन दिवसांत तो मला चार शब्द बोलला असेल, त्यातले दोन "पाणी घ्या" होते. आणि काम? मी काडी उचलली तरी पोरीची आई ती हातातून काढून घ्यायची आणि मला खाटेवर नेऊन बसवायची. शाळा तपासायला आलेल्या साहेबाचा मान होता मला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नदीकडे एकटी गेले. वाटेत आंब्याखाली एक कैरी पडलेली, हिरवीगार, नुकतीच गळालेली. आजूबाजूला कोणी नव्हतं. मनात म्हटलं, आमच्या आजोबांनी छप्पन सालीच देव सोडले, आता एका कैरीसाठी मी कोणाची परवानगी काढत बसू? खरं सांगायचं तर तत्त्वबित्त्व नंतर सुचलं, तोंडाला पाणी आधी सुटलं. पुडी काढली, मीठ लावलं आणि कोयीपर्यंत खाल्ली.

चीक ओठाला लागला. घरी येईस्तोवर ओठ टरारून सुजला.

पोरीच्या आईनं पाहिलं. "बाई, आंबा?"

"नाई नाई, डास चावला."

परीक्षेत नक्कल करणारी शेकडो पोरं मी नुसत्या डोळ्यांवरून ओळखली, आणि स्वतः इतकं बावळट खोटं बोलले. ती माउली हसत हसत खालीच बसली. मग एकाएकी पदर सावरून उठली आणि बाहेर गेली. दुपारपर्यंत गावाला कळलं.

संध्याकाळी पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. "पाहुण्यानं खाल्ला तं त्याचा दोष नाई, काकू. सकाळच्या गाडीत बसवून देतात, मागून आमी सारं नीट करतो. घरच्यानं खाल्ला तं त्यानं कोंबडी द्याची अन् पंडुमाले साऱ्यांसंगं बसाचं."

"मंग मी कोण?"

"उद्या सारे बाबाले तेच विचारतील."

"अन् ते पाहुणी म्हणाले तं?"

तिनं मान खाली घातली. "तं समजा, घर जुळत नाई."

मुलाला फोन करावा तर रेंज नाही, आणि असती तरी सांगणार काय? तुझं लग्न मी मीठ लावून खाल्लं?

सकाळी झाडाखाली चार-पाच म्हातारी माणसं जमली. मध्ये गावची पूजा करणारा गायता. त्यानं माझ्या ओठाकडे निरखून पाहिलं, माडियात काहीतरी म्हणाला आणि सगळे खो खो हसले. मग त्यानं पोरीच्या बापाला विचारलं. बाप हातातली कामटी सोलत राहिला. पोरगी माझ्याशेजारी उभी होती, ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून. मला राहवेना. उठले आणि मधेच बोलले, "चूक माहीच हाये. पोरीनं मले आधीच सांगतलं होतं. काल मी डासाचं खोटं बोलली. तिले काई बोलू नका."

पोरीनं ते माडियात सांगितलं. बापानं मान वर करून पहिल्यांदाच नीट माझ्याकडे पाहिलं. मग दोनच शब्द बोलला. पोरगी ते सांगेचना, तिनं तोंडावर हात धरला होता.

"काय म्हणाले ते? गाडी कितीची हाये?" मी तिला हलवून विचारलं.

गायत्यानंच मोडक्या मराठीत उत्तर दिलं. "बाई, कोंबडी दे."

माझ्याजवळ कुठली कोंबडी? पोरीच्या आईनं स्वतःच्याच अंगणातली धरली आणि माझ्या हातात कोंबली. मी देव मानत नाही, पण मागणारी माणसं होती, म्हणून कोंबडी त्यांच्या हातात दिली. कोंबडीनं माझी इस्त्रीची साडी खराब केली, आणि मी सगळ्यांसमोर रडले. आनंदानंच रडले, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

डोळे पुसून सवयीनं खाटेकडे निघाले तर पोरीच्या आईनं दंडाला धरून बायकांमध्ये बसवलं आणि पुढ्यात पळसाच्या पानांचा ढीग टाकला. पंडुमासाठी द्रोण लावायचे होते. माझा पहिला द्रोण तिनं उलटसुलट पाहिला, काडी उपसली आणि पानं परत माझ्या मांडीवर टाकली.

"पुन्हा कर," ती म्हणाली.

होकार द्यायचा राहूनच गेला. संध्याकाळपर्यंत माझे द्रोण चालले होते.