प्रणालीचं मनगट

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, अक्षयला नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय — माझ्यासारख्या भित्र्याला अनोळखी कानच बरे पडतात. गोष्ट एका मनगटाची आहे. हसू आलं तर हसा. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच सांगत आलो की एवढीशी तर गोष्ट, त्यात काय घेऊन बसायचं?

वर्ध्यात आमचा एक बँड होता. पंक वाजवायचो. वर्ध्यात पंक, हे ऐकून नागपूरची पोरं हसायची. पण आम्हाला तीन सूर, भरपूर आवाज आणि ओरडायला काहीतरी कारण मिळालं की पुरत होतं. अक्षय गिटार वाजवायचा आणि गायचा, गोलू ड्रमवर, आणि बेस माझ्याकडे. अक्षयच्या वडिलांचं मंडप डेकोरेशनचं काम होतं. त्यांच्या गोदामात, गाद्या-लोड आणि खुर्च्यांच्या थप्प्यांमध्ये आमची दुपारची प्रॅक्टिस चालायची. लग्नसराईत गाद्या बाहेर गेल्या की आवाज घुमायचा आणि शेजारचे भांडायला यायचे. गाणी आमचीच, आमच्याच बोलीत. ‘लाइन काऊन गेली’, म्हणजे वीज का गेली, हे त्यातलं सगळ्यांत गाजलेलं — गाजलेलं म्हणजे गॅदरिंगला पोरांनी ते दोनदा वाजवायला लावलं, इतकंच.

बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. पंकमध्ये ती बहुतेक जण पिकनं वाजवतात — पिक म्हणजे नखाहून थोडा मोठा प्लास्टिकचा तिकोनी तुकडा. आणि वाजवायचं ते फक्त खालच्या दिशेनं. वरून खाली, पुन्हा वरून खाली. हात वर जाताना तारेला लागू द्यायचा नाही. खाली-वर असं वाजवलं तर मेहनत निम्मी होते, पण वर जाणारा ठोका हलका पडतो आणि गाण्याचा दम जातो. ठरवून एखादं वेगवान गाणं असं वाजवून बघा. दुसऱ्या मिनिटाला कोपरापासून खाली हात पेटतो. माझाही पेटायचा. मग मी काय करायचो? अक्षय ओरडायला लागला आणि गोलूच्या झांजा सुरू झाल्या, की त्या गोंगाटात हळूच खाली-वर करून घ्यायचो. कुणाला कळत नाही असं मला वाटायचं.

मग प्रणाली आली. अक्षयची मावसबहीण, अल्लीपूरची. वर्ध्याला बी.एस्सी.ला होती, कॉलेज सुटलं की गोदामात येऊन गादीवर जर्नल लिहीत बसायची. तिची आई गावातलं महिला भजनी मंडळ चालवायची आणि खंजेरी वाजवायची. आमच्याकडची खंजेरी तुम्ही ऐकली असेलच — एका हातात धरायची, दुसऱ्यानं वाजवायची, कडेच्या झांजा खणखणतात आणि दोन-दोन तास थांबायचं नाव नाही. प्रणाली लहानपणापासून आईच्या शेजारी बसून तेच वाजवत आलेली. एक दिवस ती मला म्हणाली, “दादा, मले शिकवता का बेस?”

मी शिकवला. मोठ्या आवडीनं शिकवला, खोटं कशाला बोलू? कुणीतरी आपल्याला गुरू मानतंय, हे फार गोड लागतं. तारांची नावं, डाव्या हाताची बोटं, गोलू पायानं वाजवतो त्या मोठ्या ड्रमवर कान कसा ठेवायचा — सगळं. दोन महिने झाले आणि एका दुपारी तिनं ‘लाइन काऊन गेली’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. सगळं खाली. एकही ठोका चोरला नाही. गाणं संपल्यावर तिनं हातसुद्धा झटकला नाही. केस बांधले आणि विचारलं, पुन्हा वाजवू का?

गोलू म्हणाला, “बेस आज ऐकू येऊन राह्यला बे.”

आज. म्हणजे इतके दिवस येत नव्हता. म्हणजे त्याला कळत होतं. गोलू मनानं साफ, त्याला टोमणा मारताच येत नाही — म्हणून ते जास्त लागलं. महिन्याभरात अक्षयनं फार गोड शब्दांत सांगितलं की दोन गिटारी असल्या की आवाज भरदार होईल, तू दुसरी गिटार घे, बेस प्रणालीकडे राहू दे. मी म्हटलं, हाव ना, मस्त होईल. त्या दिवशी बेसचे सूर लावून तिच्या गळ्यात पट्टा मीच अडकवला. हसत हसत. घरी जाताना मोटारसायकल बजाज चौकाच्या अलीकडे बंद करून मी दहा मिनिटं नुसता उभा होतो. पोटात दुखत होतं — खरंच दुखत होतं, ही बोलायची पद्धत नाही.

तिचा हात बघण्यासारखा होता. मी बघायचो, आणि मला ते बघवत नसे. मला चीड कशाची होती, सांगू? तिला तो आयता मिळाला होता. मी व्हिडिओ पाहून पाहून डोळे फोडले होते, आणि ही भजनातून हात घेऊन आली होती! एकदा मीच तिला विचारलं, तुझा हात दुखत कसा नाही? ती म्हणाली, आईनं शिकवलं — हात टाकायचा, मारायचा नाही. मनगट सैल सोडायचं, पंजा आपल्या वजनानं पडतो; पिक घट्ट धरायचं नाही, निसटणार नाही एवढंच धरायचं. मी मान हलवली, जणू मला ठाऊकच होतं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या मोबाइलच्या दुकानात, दुपारी गिऱ्हाईक नसताना, भिंतीवरच्या आरशासमोर मी तेच करू लागलो. दोन आठवड्यांत माझा हात दुखायचा थांबला.

हे लक्षात ठेवा. तिचा हात बरोबर आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या स्वतःच्या हातानं मला ते सांगितलं होतं.

नागपूरच्या एका कॉलेजात बँडची स्पर्धा होती. महिनाभर आधी प्रणाली गोदामात एकटी माझ्यापाशी आली. तिचा चेहरा उतरलेला होता. मोठ्या गावात जायचं, तिथं सगळे शिकलेले वाजवणारे. म्हणाली, “दादा, माहा हात खंजेरीवानी पडते. चुकून तं नाई राह्यला ना? तुमी सांगा, मी सुधारीन.”

सांगा म्हणाली. तिच्या लेखी मी अजूनही गुरूच होतो. एक शब्द बोलायचा होता — बरोबर आहे. तेवढंही नको, नुसतं हसलो असतो तरी भागलं असतं. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला फक्त गोलूचं ते ‘आज’ ऐकू आलं.

मी म्हटलं, चुकतोय. मनगट असं सैल चालत नाही, ते कुलूप लावल्यासारखं बंद ठेव. ठोका कोपरातून यायला हवा. पिक घट्ट धर, नख पांढरं होईस्तोवर. आणि मग — हे बोलायची काही गरज नव्हती, ते माझं जास्तीचं — “हे काही भजनी मंडळ नाई प्रणाली. नागपूरचे लोक हासतीन तुले.”

ती लाजली. तिनं लगेच पिक घट्ट धरलं आणि कोपर हलवून दाखवलं. “असं?” म्हणाली. मी म्हटलं, अस्सं.

रोज दोन-दोन तास तिनं ते केलं. पहिल्या आठवड्यात म्हणाली, दुखतंय. मी म्हटलं, दुखणारच, सुरुवातीला सगळ्यांचं दुखतं. दुसऱ्या आठवड्यात ती पूर्ण बाह्यांचा कुडता घालून यायला लागली आणि जवळ बसलं की बामचा वास यायचा. अक्षयनं विचारलं, काय झालं गं? ती म्हणाली, काही नाही, दादा नवीन पद्धत शिकवून राह्यले. आणि दादा शेजारी उभे होते, गिटारचा सूर लावण्यात गुंग. खरं सांगू? त्या दुखऱ्या, चुकीच्या हातानंही ती दीड-दीड गाणं अख्खं खाली वाजवायची. मला त्याचाही राग यायचा. अजून किती वाजवते ही?

नागपूरला दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर तिचं पिक खाली पडलं. तिनं वाकून उचललं, पण बोटं मिटेचनात. गोलू वाजवत राहिला, अक्षय मागे बघायला लागला. मी गिटार बाजूला ठेवली, तिच्या गळ्यातून बेस काढून घेतला आणि ते गाणं आणि पुढचं गाणं वाजवलं. सगळं खाली. सैल मनगटानं. तिच्या आईनं तिला शिकवलेलं, तिनं मला सांगितलेलं आणि मी तिच्याकडून काढून घेतलेलं ते मनगट घेऊन मी स्टेजवर उभा होतो. आम्हाला दुसरा नंबर मिळाला. परीक्षकांपैकी एक जण मुद्दाम माझ्यापाशी येऊन म्हणाले, उजवा हात फार सुंदर आहे तुमचा.

तेव्हा मला काय वाटलं, विचारा ना. लाज? नाही. आनंद झाला. वर्षभरात पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

प्रणाली परतीच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर होती, उजवा हात ओढणीत गुंडाळून. मागे वळून म्हणाली, “तुमी होते म्हनून निभलं दादा. माहा हात काऊन असा झाला?” इथंही वेळ होती. मी म्हटलं, तुझं मनगट मधूनमधून सैल पडत होतं, जुनी सवय — म्हणून झटका बसला. तिनं ते मान्य केलं. माझ्या सांगण्यातली प्रत्येक गोष्ट ती मान्य करायची.

डॉक्टरांनी दोन महिने हात चालवू नको म्हणून सांगितलं. हात बरा झाला. पण ती गोदामात परत आली नाही. मला नाही जमत, असं अक्षयला म्हणाली. त्यानं मला विनवलं, तू तिचा गुरू, तू बोलून बघ. चार दिवसांनी मी त्याला सांगितलं की बोललो, ऐकत नाही. बोललो नव्हतो. फोनसुद्धा केला नव्हता. बेस पुन्हा माझ्याकडे आला होता, आणि तो मला पुन्हा द्यायचा नव्हता.

पुढे बाकीच्यांना नोकऱ्या लागल्या आणि बँड आपोआप संपला. मी दर रविवारी बेसचा क्लास घेतो. पोरांना शिकवतो — हात टाका, मारू नका. एकानं माझ्या हाताचा व्हिडिओ टाकला होता. खाली कुणीतरी विचारलं, हे कुठे शिकलात? मी लिहिलं, माझं मीच शोधलं.

गेल्या वर्षी अल्लीपूरहून निमंत्रण आलं. प्रणाली आता तिथंच शाळेत शिकवते आणि आईचं मंडळ तीच चालवते. मंडळाचा कार्यक्रम होता, पाहुणा म्हणून मला बोलावलं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही म्हणून गेलो. मंदिराच्या सभामंडपात दहा-बारा बाया दोन रांगांत बसल्या होत्या, हातात खंजेऱ्या. भजन सुरू झालं आणि मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. सगळ्यांची मनगटं ताठ. सगळ्यांचा ठोका कोपरातून. आवाज कोरडा, ठक ठक ठक. दुसऱ्या रांगेतली एक बाई कडव्यांच्या मधे दंड चोळून घेत होती. प्रणाली समोर उभी राहून सांगत होती, “मनगट सैल नोको ठेवू व सुनीता!”

तिची आई बाजूला खुर्चीवर बसली होती. आता थकली आहे, वाजवत नाही. पण तिचा उजवा हात मांडीवर भजनाबरोबर चालू होता — सैल, सहज, पंजा आपल्या वजनानं पडत होता. आणि ते पाहून, ऐका, मला पुन्हा तेच झालं. त्या म्हातारीचाही हेवा वाटला मला. एवढं सगळं करूनही.

भजन संपल्यावर प्रणालीनं माझी ओळख करून दिली. म्हणाली, “हे माहे गुरू. आमच्या मंडळाचा हात अगोदर चुकीचा होता, आईचाबी तसाच होता. मले तीच सवय लागलती. ह्याइनं सुधरवलं, म्हनून मी आता सगळ्याइले बरोबर शिकवून राह्यली.” बायांनी टाळ्या वाजवल्या. आईसुद्धा हसली. मग तिनं मांडीवरचा हात उचलून पदराखाली घेतला.

शाल-नारळ द्यायला आईलाच पुढे केलं. मी तिच्या पाया पडलो, दोन्ही हातांनी नारळ घेतला आणि वळून बायांना म्हणालो, “लय मस्त वाजवून राह्यल्या तुमी. असंच चालू ठेवा.”