धानाच्या ढोलीतला बॅकअप

"किती वेळ पाण्यात होती?" मी विचारलं.

"जास्त नाई मॅडम. दहा-पंधरा मिनिटं. मिठाच्या पान्यात."

"मिठाच्या?"

"मंग दोन साध्या पान्यानं धुतली."

"ड्राइव्ह धुतली तुम्ही?"

"ड्राइव्ह नाई धुतली. धान धुतलं. थे धानात व्हती."

सोमवारची सकाळ होती. दुकान उघडून मी नीट बसलेही नव्हते. टेबलावर काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक्स्टर्नल ड्राइव्ह पडली होती. मूळची काळी, आता गुलाबी. फटीत धानाचा एक दाणा अडकलेला. समोर धनराजभाऊ, त्यांच्या बाजूला त्यांचे मोठे भाऊ मोरेश्वर, आणि दोघांच्या मागे एक तरुण मुलगी. ती माझ्याकडे डॉक्टरकडे बघावं तशी बघत होती.

गोंदियात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. अजूनही नवीन गिऱ्हाईक आत येऊन मलाच विचारतं, "मिस्त्री कहाँ है?" मी म्हणते, "बैठिए, आते हैं." मग पाच मिनिटांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन मीच समोर बसते. एवढ्या वर्षांत चहात पडलेलं, शेणात पडलेलं, उंदरांनी खाल्लेलं हार्डवेअर बघितलं. बीजप्रक्रिया झालेली ड्राइव्ह पहिल्यांदाच बघत होते.

ही भानगड नीट कळावी म्हणून थोडं मागं जाते.

धनराजभाऊंचा सडक अर्जुनीला हायवेला लागून फोटो स्टुडिओ आहे. रोलच्या काळापासूनचा माणूस. फोटो झकास काढतात, पण कॉम्प्युटरला घाबरतात. लग्नाचा सीझन सुरू व्हायच्या आधी ते माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, सारे फोटो एकाच कॉम्प्युटरमंधी आहेत. थो मेला तं मी मेलो. असं सॉफ्टवेअर द्या का फोटो आपोआप दुसरीकडे जाले पायजे. मले काईच कराचं नाई पायजे."

बॅकअप म्हणजे दुसरी प्रत, एवढं त्यांना माहीत होतं. कुठलं सॉफ्टवेअर, हे ठरवायला मी तीन दिवस घेतले. हौसच आहे मला त्याची. पहिलं सॉफ्टवेअर मिरर करणारं होतं, म्हणजे आरशासारखं. इकडे फोटो पुसला की तिकडचाही पुसला जातो. धनराजभाऊ अल्बम दिला की कॉम्प्युटरवर जागा करायला फोटो उडवतात, म्हणजे हे सॉफ्टवेअर बॅकअपही तितक्याच तत्परतेनं उडवणार. बाद. दुसरं सगळे फोटो एका मोठ्या गाठोड्यात बांधून ठेवायचं. ते गाठोडं फक्त तेच सोडू शकतं. उद्या कंपनी बंद पडली की गाठोडं धरून बसा. तेही बाद. तिसरं इंटरनेटवर पाठवायचं. एका लग्नाचे हजार-दीड हजार फोटो आणि त्यांच्याकडचं नेट, म्हणजे नवरानवरीचं पोर शाळेत जाईपर्यंत अपलोड चाललं असतं.

चौथं मला आवडलं. साधं. ड्राइव्ह लावलेली असली की फक्त नवीन फोटो कॉपी करायचं, जुनं काही पुसायचं नाही. एकच खोड होती. ड्राइव्ह दिसली नाही की रोज स्क्रीनवर लाल चौकोन टाकायचं, "ड्राइव्ह सापडत नाही." मी ते त्यांच्याकडे जाऊन बसवून दिलं. पहिला बॅकअप माझ्यासमोर झाला, अकरा हजार फोटो.

निघताना धनराजभाऊंनी विचारलं, "पन दुसरी प्रत कायले पायजे, हे घरच्याइले कसं समजवू?" मी म्हटलं, "सगळी बिजाई एकाच ढोलीत ठेवता का?" बिजाई म्हणजे पुढच्या वर्षीसाठी राखलेलं बियाणं, आणि ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची, शेणानं लिंपलेली मोठी कणगी. धनराजभाऊंचा चेहरा उजळला. मला वाटलं, काय उदाहरण दिलं आपण! चार दिवस मी ते दुकानात येईल त्याला सांगत होते.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. "मॅडम, थो लाल चौकोन गिऱ्हाइकाइसमोर येऊन रायला. बरं नाई दिसत. बंद करा." मी इथूनच त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले आणि चौकोन बंद केला. दोन मिनिटांचं काम. चौकोन येतोच कशाला, हे मी विचारलं नाही. हे लिहिताना अजूनही मला माझीच लाज वाटते.

त्यानंतर थेट जून. एका दुपारी वीज कडाडली आणि स्टुडिओतला कॉम्प्युटर गेला. आतली हार्ड डिस्कही गेली. कॅमेऱ्यातली कार्डं तर पुढच्या लग्नासाठी केव्हाच पुसलेली.

"मग ड्राइव्ह धानात कशी गेली?" मी विचारलं.

"तुमीच तं म्हनल्या व्हत्या!" धनराजभाऊ म्हणाले. "बिजाई येगळी ठेवाची. मी त्याच दिवशी भाऊच्या घरी नेऊन बिजाईच्या ढोलीत ठेवलो. कडुलिंबाचा पाला बी टाकलो."

भाऊचं घर स्टुडिओपासून चार किलोमीटर.

पुढचं मोरेश्वरभाऊंनी सांगितलं. पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट दाणे तरंगतात, ते काढून फेकायचे. तळाशी बसतं ते चांगलं. मग साध्या पाण्यानं धुवायचं, सुकवायचं, वरून बुरशीनाशकाची गुलाबी पावडर चोळायची.

"ढोलीतली बिजाई पोत्यात भरलो अना पोतं डायरेक ड्रममंधी ओतलो," ते म्हणाले. "पावडर लावताना हाताले लागली. तरंगली असती तं तवाच दिसली असती. पन थे चांगल्या बिजाईसंगं खाली बसली."

"आणि मग?"

"मंग पुन्हा धानात ठेवलो, सुकाले. मोबाइल नाई का तांदुरात ठेवत?"

"कॉम्प्युटरला लावून तर नाही ना बघितली?"

"नाई," धनराजभाऊ घाईघाईनं म्हणाले. "तेवढं समजते मले."

तेवढं समजलं होतं म्हणूनच आशा होती. ही एसएसडी होती, म्हणजे आत फिरणारी तबकडी नसते, नुसत्या चिप्स असतात. मिठाचं पाणी तिचं वाटोळं करतं, पण लगेच साध्या पाण्यानं धुतली आणि करंट दिला नाही, तर बरेचदा वाचते. खारं पाणी लागलेल्या ड्राइव्हला नेमकं हेच करायला मी सांगितलं असतं. पावडर सोडून.

मग मागची मुलगी पुढं आली. भाग्यश्री तिचं नाव. देवरीकडच्या शाळेत शिक्षिका, नवरा नाशिककडे शिक्षक, मे महिन्यात लग्न. नवराबायको एका जिल्ह्यात यावेत म्हणून बदली मागता येते, आणि त्या अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. अर्जाला विवाह नोंदणीचा दाखला हवा. दाखल्याला लग्नविधीचा फोटो हवा.

"नोंदणी कार्यालयातले बाबू म्हणतात, वरमालेचाच पाहिजे," ती म्हणाली. "स्टेजवरचा चालत नाही म्हणे, स्टेजवर कोणीही बसतो. मॅडम, ही संधी गेली तर पुढची केव्हा येईल सांगता येत नाही. लग्न झालं त्याच्या पाचव्या दिवशी ते नाशिकला गेले. मी घरी, ते तिकडे."

एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं.

स्टुडिओतल्या कॉम्प्युटरची मेलेली हार्ड डिस्क त्यांनी सोबत आणली होती, ती मी त्याच दिवशी नागपूरच्या लॅबला पाठवली. त्यांनी सांगितलं, तीन आठवडे. म्हणजे शुक्रवारसाठी गुलाबी ड्राइव्हच उरली. ती उघडली. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणलं, मऊ ब्रशनं पावडर काढली, मग सर्किट धुवायच्या स्पिरिटनं पुसलं. दोन दिवस पंख्याखाली ठेवली.

बुधवारी तिघं पुन्हा आले. मी वायर लावली. हिरवा दिवा लागला. मोरेश्वरभाऊ म्हणाले, "म्हनलो नव्हतो? चांगली बिजाई!" फोल्डर उघडले. अकरा हजार फोटो, एकही खराब नाही. मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की मी सगळ्यांना चहा सांगितला.

चहा यायच्या आधीच भाग्यश्रीनं विचारलं, "मे कुठं आहे?"

मे नव्हता. शेवटचा फोटो एप्रिलचा होता. ज्या दिवशी ड्राइव्ह ढोलीत गेली, त्या दिवसाचा.

"असं कसं?" धनराजभाऊ उठून उभेच राहिले. "नवीन फोटो आपोआप जातेत म्हनल्या व्हत्या ना तुमी?"

"ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावलेली असली तर! चार किलोमीटरवर धानात फोटो कसे जातील?"

"मोबाइल कोठी वायरनं लागते टावरले? फोटो जाते का नाई? मले वाटलं तसंच जाते!"

"मग ड्राइव्ह सापडत नाही, असं रोज येत होतं ते काय होतं?"

"थे तं तुमी बंद केल्या!"

एका सॉफ्टवेअरला जे सांगायचं होतं ते त्यानं रोज, लाल अक्षरांत, न थकता सांगितलं होतं. त्याचं तोंड मी दाबलं होतं. मी भाग्यश्रीला स्पष्ट म्हटलं, "अर्धी चूक माझी आहे." ती म्हणाली, "मॅडम, अर्ध्यानं अर्ज भरता येत नाही."

मग पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो शोधणं सुरू झालं. लग्नात दोनशे मोबाइल तरी होते. भाग्यश्रीनं सगळ्या नातेवाइकांना मेसेज टाकला. संध्याकाळपर्यंत एकतीस जणांचे वरमालेचे फोटो आले. मी एकेक मोठा करून बघितला. एकतिसांतही मध्ये धनराजभाऊंची पाठ होती.

चांगला फोटोग्राफर ऐन क्षणाला सगळ्यांत पुढं असतो, आणि धनराजभाऊ फार चांगले फोटोग्राफर आहेत. त्यातला बरा फोटो मी निवडला. डावीकडे नवरीच्या मुंडावळ्या आणि एक डोळा. उजवीकडे नवरदेवाचा फेटा आणि हार धरलेले दोन हात. मध्ये फोटो भरून खिशांचं खाकी जॅकेट.

गुरुवारी आम्ही सगळे विवाह नोंदणीच्या कार्यालयात गेलो. नवरदेव रात्रभर प्रवास करून आला होता. साक्षीदार तीन लागतात. दोन मामा होते आणि तिसरे धनराजभाऊ, कारण तेवढ्या जवळून लग्न दुसऱ्या कोणी पाहिलंच नव्हतं.

बाबूंनी फोटो बराच वेळ पाहिला.

"यात नवरी कोनती?"

"हा डोळा," भाग्यश्री म्हणाली.

"अना हे मधातले?"

"मी," धनराजभाऊ म्हणाले. "साक्षीदार."

"तुमी लग्नात हजर व्हते, याले पुरावा काय?"

"काय म्हंजे? फोटोत आहो ना!"

"तोंड कोठी दिसते?"

"पाठ दिसते."

बाबूंनी चष्मा वर केला, खाली केला. मागे रांग वाढत होती. शेवटी ते म्हणाले, "तिकडे तोंड करा बरं."

धनराजभाऊ वळले. तेच खाकी जॅकेट अंगात होतं, ते कधी काढतच नाहीत. बाबू खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि फोटो त्यांच्या पाठीशेजारी धरला. डाव्या खांद्याखाली उसवलेलं, ते हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं होतं. फोटोतही हिरवा दोरा होता. बाबूंनी त्यावर बोट ठेवून पाहिलं. रांगेतले एक आजोबा पुढं येऊन म्हणाले, "तोच आहे जी, खिसा पाहा ना खालचा." बाबूंनी खिसाही पाहिला.

"मॅच होते," ते म्हणाले, आणि शिक्का मारला.

नवराबायको फोटोत किती दिसतात, हे नंतर कोणी विचारलंच नाही. शुक्रवारी दुपारी अर्ज गेला. पुढे बदली झाली. भाग्यश्रीनं फोन केला तेव्हा ती आधी हसली आणि मग रडली, आणि मीही दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना डोळे पुसले.

नागपूरहून लग्नाचे फोटो महिन्याभरानं आले, बहुतेक सगळे. वरमालेचा फोटो काचेसारखा स्वच्छ होता. तरी अल्बमच्या पहिल्या पानावर भाग्यश्रीनं पाठीचाच फोटो लावून घेतला. धनराजभाऊ खूप भांडले, स्टुडिओची इज्जत जाते म्हणाले. तिनं ऐकलं नाही.

आता मी सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी निवडते. आधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन विचारते, ही ड्राइव्ह राहणार कुठे, आणि तिला रोज हात कोण लावणार? सॉफ्टवेअर बोलघेवडंच घेते. ते रोज कटकट करतं, गिऱ्हाईक वैतागतं, मला फोन करून शिव्या घालतं. त्या शिव्या आल्या की मी समजते, बॅकअपकडे कोणाचं तरी लक्ष आहे. महिनाभर एकही शिवी आली नाही, तर मी बस पकडून स्वतः जाऊन बघते.