बारा पेरांचा हात

हे नवऱ्याला ठाऊक नाही, शाळेत कुणाला ठाऊक नाही, आणि जिला मी पोटातलं सगळं सांगते त्या बहिणीपासूनही मी हे लपवलंय. मग तुम्हाला का सांगतेय? बहुतेक तुम्ही माझ्याकडे बघत नाही आहात म्हणून. समोर बसला असतात तर आत्तापर्यंत मी चहा टाकायला उठले असते.

मी गणित शिकवते, पाचवी-सहावीला. लग्न करून पुण्याहून बंगळूरला आले आणि होसूर रोडजवळच्या एका इंग्रजी शाळेत चिकटले, त्याला आता बरीच वर्षं झाली. मला एक खोड आहे — बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेल्या उत्तरांत मला जास्त रस. एका मुलानं अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं लिहिलं. चूक. पण असं का लिहिलं असेल? विचारलं तर म्हणाला, मिस, दोन मॅचमधली एक जिंकली, मग तीनमधली एक जिंकली, म्हणजे पाचातल्या दोन झाल्या ना! आता बोला. असं काही हाती लागलं की माझा दिवस मजेत जातो. दुसऱ्याचं गणित नेमकं कुठं घसरलं हे शोधण्यात माझा हात कुणी धरणार नाही. माझं स्वतःचं कुठं घसरलं, ते मात्र मी पाच वर्षं कुणाला उघडून दाखवलेलं नाही.

रेणुका तेव्हा सहावी अ मध्ये होती. मूळची निपाणीकडची माणसं, वडील बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात लेथवर. वर्गात ती इंग्रजीत अडखळायची. आजूबाजूला कुणी नसलं की माझ्याशी मराठीत बोलायची, मधूनमधून कन्नड पेरून. तोंडी गणितं घेताना मी एकदा विचारलं, एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश किती? बाकीची पोरं लसावि काढण्यात गुंतलेली. हिचा हात बाकाखाली, अंगठा बोटांवरून भराभर फिरतोय — आणि उत्तर आलं, सात द्वादशांश. बरोबर! मला वाटलं, बोटं मोजतेय. पण बोटं मोजून अपूर्णांक कसे येतील? मला राहवेना. मधल्या सुट्टीत तिला थांबवून घेतलं.

"स्वल्प बघा की मिस," म्हणत तिनं पंजा पुढं केला. अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, सगळी मिळून बारा. एक बोट उभं धरलं की झाला चौथा भाग, तीन पेरं. सगळ्या बोटांची टोकं आडवी धरली की झाला तिसरा भाग, चार पेरं. तीन नि चार सात. बारातली सात.

मी माझ्याच हाताकडे बघत बसले. इतकी वर्षं लसावि शिकवतेय, आणि एक लसावि माझ्या मनगटाला लटकतोय हे मला दिसू नये? कुणी शिकवलं, विचारलं. कुणी नाही. आजी पेरांवर दिवस मोजायची, त्यावरून हिला सुचलं. मी मुद्दाम अडवलं — आणि पाचवा भाग आला तर? ती पंजाकडे बघतच वर्गात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या रांगेतून पळत आली. अंगठाही घ्यायचा मिस, त्याला दोनच पेरं दिसतात पण बुडाचं एक धरायचं, म्हणजे पाच बोटं, पंधरा पेरं! त्या दिवशी मला जो आनंद झाला तो खरा होता. एवढं तरी मी खरं सांगू शकते.

त्याच आठवड्यात शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, आसपासच्या बऱ्याच शाळांतले लोक. प्रत्येकानं आपली एखादी युक्ती सांगायची. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं — म्हणजे होतं, पण ते माझं नव्हतं. उठताना मनात वाक्य तयार होतं : माझ्या वर्गातल्या एका मुलीनं हे शोधलंय. खडू हातात घेतला, फळ्यावर पंजा काढला, आणि तोंडातून निघालं, "मी वर्गात असं करते." ते वाक्य कुठून आलं? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा, खडू घेऊन. टाळ्या पडल्या. लोकांनी फोटो काढले. मी त्याला 'बारा पेरांचा हात' असं नावही देऊन टाकलं.

तुम्ही म्हणाल, एवढंच? अशा उचलेगिरीला कोण विचारतो? थांबा, अजून मी मुद्द्यावर आलेले नाही.

मुख्याध्यापिका खूश. म्हणाल्या, दोन्ही तुकड्यांना शिकवा. सहावी ब ला शिकवलं, पोरं नाचली. पण अ मध्ये रेणुका. मी फळ्यावर पंजा काढला की ती उठून सगळ्यांसमोर म्हणणार, मिस, हे तर माझं! चोराच्या मनात चांदणं. मी अ मध्ये तो हात दाखवलाच नाही. उलट जाहीर केलं, सहावीत आता बोटं चालणार नाहीत, गणिताच्या तासाला सगळ्यांनी हाताची घडी. एका भिंतीपलीकडे ब तुकडी तिच्या हातावर अपूर्णांक शिकत होती आणि ती इकडे घडी घालून बसली होती. पहिल्या दिवशी तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — बहुतेक मी तिची परीक्षा घेतेय असं तिला वाटलं असावं. मी फळा पुसत राहिले.

घटक चाचणीत ती आपटली. हात नाही, आणि लसावि काढायची वहीतली रीत तिच्या डोक्यात कधी बसलीच नव्हती. तिला तिची गरजच पडली नव्हती. गणितात कच्च्या मुलांचा आमच्याकडे वेगळा गट असतो. चित्रकला आणि खेळाच्या तासाला त्यांनी पाढे गिरवायचे. एकदा त्या गटात गेलेलं मूल सहसा परत येत नाही. कुणाला घालायचं ते मी ठरवते.

तिचे वडील भेटायला आले. शिफ्टवरून थेट, कारखान्याच्या शर्टातच. खुर्चीच्या टोकावर बसले आणि मराठी ऐकून त्यांचा चेहरा सैलावला. म्हणाले, "तिची आई म्हणते पोरगी हिशेबात लई हुशार हाय. मला तर काय कळत नाही. तुम्ही आपल्यातल्या मिस, म्हणून विचारतो. हुशार हाय का खरंच?"

इतका सरळ प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. उत्तरही मला येत होतं. माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मुलांत तिच्याइतकं डोकं मी पाहिलं नव्हतं. लाज वाटली का तेव्हा? नाही, भीती वाटली. हुशार म्हटलं तर ते विचारणार, मग नापास कशी? मग हात निघणार, मग घडी निघणार, मग फळ्यावरचा पंजा.

मी म्हणाले, नाही. अजून बोटांवर मोजते, पाया कच्चा आहे, गणित तिला झेपणार नाही.

"सरी मिस, बरं," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल तेच खरं." जाताना त्यांनी हात जोडले. मी तिचं नाव त्या गटात लिहिलं. सातवी, आठवी, पुढंही ती तिथंच राहिली.

हीच ती गोष्ट. उचलेगिरी नाही — हे 'नाही'. किती वेळा मी ते तपासायला घेतलंय, मुलांच्या वह्या तपासते तसं. कोणती पायरी चुकली? एकही नाही. सगळ्या पायऱ्या मला नीट दिसत होत्या, तरी उत्तर चुकीचंच लिहिलं. मुलांच्या वहीत असलं मी कधी पाहिलेलं नाही.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीच्या गृहप्रवेशाला आनेकलला गेले होते. परतीच्या बसची वाट बघत असताना "मिस!" अशी हाक आली. रेणुका. आता पीयूसीत आहे, म्हणजे अकरावीत, आर्ट्सला. गणित नको म्हणून तेच घेतलं, हे तिनं हसत सांगितलं. बरोबर पाचवीतला भाऊ, तिथल्याच एका शाळेतला. त्याच्या सरांनी म्हणे नुकतेच अपूर्णांक शिकवले, हातावर. त्यानं पंजा उघडून मला करूनही दाखवलं, एक बोट उभं, एक ओळ आडवी.

रेणुका त्याच्याकडे कौतुकानं बघत होती. "मी याला सांगते मिस, हे आमच्या मिसनी शोधलेलं. तुम्हीच शिकवलेलं ना आम्हाला सहावीत? मला तेव्हा कुठं काय जमायचं."

मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं आठवत होतं.

मी म्हणाले, हो.