विहिरीतला पिवळा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, देवापुढेही नाही — देवापुढे कोणत्या तोंडाने बोलणार? वर्षातले आठ महिने देव माझ्याच हाताखाली असतात, रंगायला!

पेणमध्ये आमचा गणपतीचा कारखाना आहे. मी मूर्तींचे डोळे आखते आणि पीतांबराचा पिवळा घोटते. त्या पिवळ्यात मी नखभर तांबडा टाकते. आळीत दुसरं कुणी टाकत नाही, आणि त्याचा मला भारी तोरा.

आळीच्या टोकाला विहीर आहे. एका वर्षी तिचं पाणी बिघडलं, पोरांच्या अंगावर पुरळ उठलं. चार घरं सोडून राहणारी जुबेदा — नवरा कुवेतला, घर एकटीवर — दारोदार फिरली, बायका जमवल्या, नगरपालिकेत अर्ज दिला. कारखान्यांचं रंगाचं धुवण गटारातून विहिरीत झिरपतं, असं तिचं म्हणणं. साहेब म्हणाले, पाणी आणून द्या, तपासू. जुबेदा रिकामी बाटली घेऊन सरळ माझ्याकडे आली.

"तूच भर गो. तू कारखानेवाली हायस, तुजं कोन खोटं नाय म्हननार."

मी गेले. पोहरा वर ओढला. पाण्यावर पिवळा तवंग होता — आणि त्यात तो नखभर तांबडा. माझाच. हजार पिवळ्यांत ओळखला असता मी तो.

मग काय केलं? सांगते. पोहरा ओतून दिला. घरी आले, बाटली आमच्या नळाखाली धरली, बूच घट्ट लावलं आणि वर विहिरीचं नाव लिहिलं. कारखाना बंद पडेल ही भीती होतीच. पण त्याहून मोठं होतं ते हे, की माझ्या रंगाला कुणी घाण म्हणावं हे मला सोसलं नसतं.

पाणी चांगलं असल्याचा कागद आला. आळी जुबेदावर उलटली. गणपतीच्या कामाला अपशकुन करते म्हणाले, तिचा धर्म काढला. मी तिथेच ब्रश धूत बसले होते. जुबेदाने माझ्याकडे पाहिलं.

"तू भरलंस ना? मंग बरोबरच असंल."

आणि दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा त्या विहिरीचं पाणी भरू लागली. मुलांसाठी.

मला ते बघवेना. आठवड्याभरात मी परसात खड्डा खणून सिमेंटने पक्का बांधून घेतला, रंगाचं धुवण त्यात सोडलं. लोकांना सांगितलं, गटाराला वास येतो म्हणून. बघून बघून शेजाऱ्यांनीही खणले. आज आळीतला एकही कारखाना गटारात रंग सोडत नाही. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो, पोरं उड्या मारतात. ते पाहून खरंच आनंद होतो — आणि लोक मला शाबासकी देतात तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं. सुरुवात कुणाची होती? जुबेदाची.

जुबेदाचे केस आता पांढरे झालेत, पण दम तोच. गावातल्या सगळ्या विहिरी तपासायच्या म्हणून उद्या तिने बैठक बोलावली आहे. पहिली बाटली पुन्हा माझ्याच हातात देऊन गेली.

उद्या बैठकीत उभी राहून आधी त्या जुन्या बाटलीचं सांगणार आहे, सगळ्यांसमोर, तिचं नाव घेऊन. मग ही रिकामीच तिला परत देईन. आमच्या विहिरीचं पाणी तिने भरावं, मी पोहरा ओढेन.