तीन खंडरवाले आणि दत्ताचं लग्न

रिकाम्या इमारतीत शिरलं की कपड्याला कुसळं चिकटतात आणि डोक्याला किस्से. कुसळं बायको काढते, कुरकुर करत. किस्से मात्र साठतच जातात. चहाला कुणी भेटलं की मग एकेक बाहेर पडतो.

आम्ही तिघं. माझं कळमनुरीत पंखे-मोटारी दुरुस्तीचं दुकान. दुसरे आमचे सर, शाळेत गणित शिकवतात आणि पालीला घाबरतात. तिसरा दत्ता, शिरड शहापूरचा, हळदीचा शेतकरी, चौतिशीचा, बिनलग्नाचा. रविवार आला की बंद पडलेल्या इमारती बघत हिंडायचं, हा आमचा नाद. लोक आम्हाला ‘खंडरवाले’ म्हणतात. मला आणि सरांना काय, आमची लग्नं झालीत! दत्ताचं अवघड आहे. शेती करणाऱ्या पोराला आधीच कुणी पोरगी देईना, त्यात हा नाद. आणि त्याला संसार हवाय हो, अगदी मनापासून. तो ते लपवतही नाही.

*

हिंगोलीजवळ एक जिनिंग आहे. कापूस बंद झाला, मशिनी गेल्या, पत्रे उडाले. गेटवर दत्तानं गंमत म्हणून आवाज दिला, “कुणी हाय का घरात?”

आतून उत्तर आलं, “हाय! कवाड ढकला जोरानं, अडकून राहिलंय ते!”

सर माझ्या पाठीमागे! आत गेलो तर एक म्हातारे चौकीदार, बाजेवर बसलेले, शेजारी शेळी. मोठ्या प्रेमानं शेळीच्या दुधाचा चहा पाजला. मग विचारलं, “कुणाकडं आलते?”

दत्ता म्हणाला, “कुणाकडं न्हाई बाबा. रिकामी बिल्डिंग बघायला आलतो.”

म्हाताऱ्यांनी चौफेर बघितलं, मग आमच्याकडे. “रिकामी? मग मी काय हाय?”

तेव्हापासून हिंगोलीला गेलो की त्यांच्यासाठी बिस्किटं नेतो.

*

आता लिंबाचा किस्सा. कळमनुरीच्या पलीकडे एक जुना डाकबंगला आहे. आम्ही व्हरांड्यात डबे सोडतोय, तोवर गावातली दहा-बारा माणसं काठ्या घेऊन हजर! त्यांना वाटलं, आम्ही गुप्तधन काढायला आलो. आपल्याकडं पडक्या जागेत हिंडणारा माणूस दुसऱ्या कशाला येणार?

सर समजावून सांगत होते, ऐतिहासिक महत्त्व वगैरे. तेवढ्यात त्यांच्या पिशवीतून दोन लिंबं घरंगळली.

“आन् हे लिंबू काहून आणलं?”

“खिचडीवर पिळायला!” सर रडकुंडीला आले होते.

शेवटी खिचडी सगळ्यांना वाटली, तेव्हा सुटलो. पण त्या काठीवाल्यांत एक गृहस्थ निघाले, दत्ताला जी पोरगी सांगून आली होती तिचे सख्खे मामा! खिचडी त्यांना आवडली. स्थळ मात्र मोडलं.

त्या रात्री दत्ताची आई जेवली नाही. सकाळी त्याला म्हणाली, “आरं, जिथं माणसं राहतेत, तिथं कधी जाशीन रे तू?”

हे त्यानं आम्हाला हसत सांगितलं. आम्हाला काही हसू आलं नाही.

*

एका बंद टॉकीजची बाल्कनी अजून धड आहे. पडदा गेला, भिंतीतून पिंपळ आलाय. दत्ता लहानपणी कायम खाली बाकड्यावर बसलेला. “आयुष्यात पहिल्यांदा बाल्कनी!” म्हणत ऐटीत बसला. आम्हीही बसलो, पिंपळाकडे बघत.

थोड्या वेळानं मी म्हटलं, चला आता. दत्ता म्हणाला, “इंटरव्हल तरी होऊ द्या की!”

आणि आमचे कडक सर उठून बाहेर गेले, शेंगा घेऊन आले! म्हणाले, “लग्न झाल्यावर हिला घेऊन इथंच आलो होतो.”

“पिक्चर कोनता होता?”

“काय माहीत. मी हिच्याकडंच बघत होतो.”

दत्तानं शेंग फोडलीच नाही. बराच वेळ तशीच हातात धरून बसला. मला लई वाईट वाटलं.

*

मग या उन्हाळ्यात एक स्थळ आलं. धरणात गाव गेलं म्हणून वरच्या माळावर वसवलेलं गाव. पोरगी सुरेखा, अंगणवाडीत आहे. जाताना मी आणि सरांनी दत्ताला बजावून ठेवलं होतं, खंडराचं नाव काढायचं नाही!

पोहे झाले. सुरेखाच्या वडलांनी विचारलं, “पोराला शौक कशाचा?”

“शेतीचा!” मी आणि सर एकदमच.

दत्ता म्हणाला, “रिकामी घरं बघतो मी, मामा.”

झालं! मी डोक्याला हात लावला. पण सुरेखानंच विचारलं, “काय असतं तिथं?”

“काईच नसतं. पर कुणी राहून गेलं, तर ते कुणीतरी बघावं, असं वाटतंय.”

वडील उठले, चपला घातल्या. मला वाटलं, हेही गेलं. तर ते म्हणाले, “चला. गाडी काढा.”

धरणाचं पाणी आटलं होतं. भेगाळलेल्या गाळातून जुन्या गावाचे पाये वर आले होते, वीतभर उंच दगडांच्या नुसत्या रांगा. वडील एका चौकोनात जाऊन उभे राहिले. “हे आमचं घर. बारा-तेरा वर्षांचा होतो मी, गाव उठलं तवा.”

मी आणि सर दगड ओलांडून सरळ आत गेलो. सुरेखाही आली. दत्ता बाहेरच थांबला.

“मामा, दार कोनत्या अंगाला होतं?”

वडील त्याच्याकडे बघतच राहिले. मग उगवतीकडे हात केला.

दत्ता सगळ्या घराला वळसा घालून तिकडे गेला. तापलेल्या गाळावर चपला काढल्या. मोकळ्या जागेसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “येऊ का?”

वडील दोनदा खाकरले, उपरण्यानं तोंड पुसलं आणि ओरडले,

“या! पर वाकून या, जावईबापू! चौकट ठेंगणी हाय, डोक्याला लागंल!”